ओटीपोटातला एक सेंटिमीटर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर बाहेरून किरणोपचार द्यायचे, तर नियोजनाचा सीटी स्कॅन सहसा एकदाच होतो. त्यावरून किरणांचा आराखडा ठरतो आणि पुढचे पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रुग्णाचं शरीर त्या आराखड्याशी जुळवत राहायचं. त्यासाठी गुडघ्यांखाली आधार, ओटीपोटावर थर्मोप्लास्टिकचा साचा, कातडीवर खुणा आणि त्यांवर पडणाऱ्या लेझर रेषा. शाईची खूण पुसली जाऊ नये म्हणून आंघोळ जपून करायची, हा घरच्यांना वेगळाच घोर.

एवढं करून हाडं जागेवर येतात. आतले अवयव येतीलच असं नाही. मूत्राशय भरलं की गर्भाशय वर सरकतं, गुदाशयात वायू साठला की पुढे ढकललं जातं. म्हणून अनेक रुग्णालयांत लघवी करून, ठरावीक पाणी पिऊन थांबायला सांगतात. भरलेल्या मूत्राशयामुळे लहान आतडंही किरणांपासून थोडं दूर जातं.

रोजची डावी-उजवी चूक बरीचशी विरून जाते. पण नियोजनाच्या दिवशीच मूत्राशय भलतंच फुगलेलं असेल, तर तीच चूक 25 वेळा गिरवली जाते. लक्ष्याभोवती किती कडा सोडायची हे ठरवणाऱ्या, मार्सेल व्हॅन हर्क यांच्या 2000 सालच्या सूत्रात या कायमच्या चुकीला 2.5 चा गुणक आहे, रोजच्या चुकीला 0.7 चा.

चुकीची भरपाई म्हणून लक्ष्याभोवती कडा सोडतात. सहा सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर सोडला, तर घनफळ जवळपास 2.4 पट होतं. वाढलेल्या भागात असतं ते निरोगी आतडं नि मूत्राशय.

टाटा स्मारक केंद्रात डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रिया झालेल्या 300 स्त्रियांवर ‘पार्सर’ चाचणी झाली. निष्कर्ष 2021 मध्ये आले. जुन्या त्रिमितीय पद्धतीत तीन वर्षांत आतड्याचा मध्यम वा गंभीर उशिराचा त्रास 42.4 टक्के होता. उपचाराआधी प्रतिमा पाहून जागा जुळवत, तीव्रता बदलत किरण दिले तेव्हा 21.1 टक्के. रोगावरचं नियंत्रण मात्र सारखंच राहिलं. अर्थात सगळं श्रेय जागा जुळवण्याला देता येणार नाही. किरणांना आकार देण्याचाही त्यात वाटा आहे.

शिवाय उपचार पुढे सरकतात तसं मूत्राशय चिडतं आणि पहिल्या आठवड्यात सहज थोपवलेलं पाणी चौथ्यात सोसवत नाही. अशा वेळी प्रतिमा पाहून तंत्रज्ञ रुग्णाला टेबलावरून उठवतात, अर्ध्या तासाने परत बोलावतात. बाहेर रांग लागलेली असताना तो अर्धा तास काढायचा, तर तो वेळापत्रकात आधीच धरलेला हवा.