संगणकांची टक्कर कशी टळते?

शाळेतील दहा संगणकांना एकच प्रिंटर वापरायचा असेल, तर ते एकमेकांशी जोडावे लागतात. इमारतीपुरत्या अशा जोडणीला स्थानिक जाळे किंवा ‘लॅन’ म्हणतात. परंतु नुसती तार जोडून भागत नाही. सगळे एकदम ‘बोलू’ लागले तर?

अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ साली ‘इथरनेट’ उभारले. त्यात सर्व संगणक एकाच तारेवर होते. नियम साधा: आधी ऐका, तार मोकळी असेल तरच संदेश पाठवा. तरीही दोन संदेश आदळले, तर दोघांनी थांबायचे. मात्र किती वेळ, हे प्रत्येकाने यदृच्छेने ठरवायचे. दोघेही सारखेच थांबले, तर पुन्हा टक्कर ठरलेलीच!

आजच्या लॅनमध्ये प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा पत्ता असतो. प्रत्येक संगणकापासून स्वतंत्र तार मध्यवर्ती ‘स्विच’कडे जाते, तांब्याची तार साधारण १०० मीटरपर्यंत चालते. स्विच पत्ता वाचून संदेश योग्य तारेवर पाठवतो, त्यामुळे टक्कर टळते. ‘राउटर’ हे जाळे इंटरनेटशी जोडतो. बिनतारी वाय-फायमध्ये मात्र रेडिओलहरींचा मार्ग सामायिक असल्याने ऐकण्या-थांबण्याचा नियम आजही लागतो.

हे वर्गात करून पाहता येईल. दोन विद्यार्थ्यांनी एकेक फासा टाकावा व पडेल तितके अंक मोजून बोलावे. पुन्हा टक्कर होण्याची शक्यता किती? १/६. आकड्यांची मर्यादा १२ केली तर? गणिताच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे.