कुलूप शाबूत, पेटी उघडी!

हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर माझ्या सायकलच्या मागे जी पत्र्याची पेटी दिसते, तिच्यावरून आजवर मला 'पाववाला', 'कुल्फीवाला' आणि (फर्स्ट इयरच्या मुलांकडून) 'पोस्टमन काका' अशा पदव्या मिळालेल्या आहेत. डिग्री मिळेल तेव्हा मिळेल! पण गेल्या महिन्यात तिघाजणांनी गुपचूप येऊन "अशी पेटी कुठे मिळते रे?" असं विचारलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मोखाडा तालुक्यातला. खोडाळ्याला एस.टी. सोडते, पुढे पाड्यापर्यंत सायकल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पडत नाही, तो राहायलाच येतो. बारावीनंतर ॲडमिशनच्या धावपळीत जातवैधतेसाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला घेऊन निघालो होतो. शाईने लिहिलेला, घडीवर झिजलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती रेक्झिनच्या बॅगेत आणि बॅग कॅरिअरच्या स्प्रिंगखाली. मोखाड्याला पोचून बॅग उघडली तर स्प्रिंगच्या दाबाने आतली पिशवी फाटलेली, आणि नावाच्या जागी निळा ढग! शाळेच्या रजिस्टरवरून पुन्हा उतारा मिळाला, पण त्यासाठी वडिलांच्या तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडलं. ज्या कागदावर घरातल्या एकाचं शिक्षण अवलंबून, तो कागद मऊ बॅगेत न्यायचा नाही, हे त्या दिवशी ठरलं.

मग मी काय केलं? आपण सगळे करतो तेच. बाजारातून तयार ट्रंक आणली, तिला मोठं पितळी कुलूप लावलं आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅरिअरला करकचून बांधली. जव्हारहून मोखाड्याला येताना एका उतारावर खड्डा आला, ट्यूब ताणली गेली आणि ट्रंक रस्त्यावर. कुलूप जसंच्या तसं होतं. कोयंडा मात्र झाकणातून उपटून निघाला होता. कुलूप शाबूत, पेटी उघडी! वडील फक्त एवढंच म्हणाले, "कुलूप चांगलं हाय. पेटीच नाय त्याच्याजोगी."

हेच मला आज सांगायचं आहे. पेटी घ्यायला गेलेला माणूस आधी कुलूप बघतो, ते शेवटी बघायचं. आधी पेटी सायकलला कशी जोडली जाणार ते, मग झाकण, मग ती किती उंचीवर बसते ते.

जोडणीचं गणित सोपं आहे. नुसत्या नट-बोल्टने बसवलेली पेटी दहा नंबरचा पाना असणारा कोणीही दोन मिनिटांत सोडवून नेतो, आतल्या सामानासकट. (आपल्या वर्कशॉपमध्ये असे पाने किती 'हरवतात' हे स्टोअरकीपर मामांना विचारा.) यावर उपाय मला जव्हारच्या एका पत्रे-पेट्यांच्या कारागीर काकांनी दाखवला. गोल डोक्याचा, मानेला चौकोन असलेला बोल्ट घ्यायचा, ज्याला आपण कॅरेज बोल्ट म्हणतो. त्याचं डोकं कॅरिअरखालच्या लोखंडी पट्टीत बसवायचं आणि नट पेटीच्या आत आणायचा. पट्टीतलं भोक चौकोनी ठेवलं की बोल्ट फिरत नाही, आणि बाहेरून पाना लावायला डोक्याला कोपरेच नाहीत. पेटी सोडवायची तर आधी झाकण उघडायला हवं, म्हणजे चावी हवी. असे चार बोल्ट. आतल्या बाजूलाही पट्टी टाकायची, नाहीतर धक्क्यांनी पातळ पत्र्याला बोल्टभोवती चीर जाते. पेटी आणि कॅरिअर यांच्यामध्ये जुन्या टायरचा तुकडा, आणि नट नायलॉकचा, म्हणजे थरथरीने सैल होत नाही. बोल्टच्या भोकातून पाणी येऊ नये म्हणून ट्यूबच्या वायसर काकांनी स्वतः कातरून दिल्या.

हे सगळं करूनही कॅरिअरच निसटला तर? त्याचे पाय मागच्या चाकाच्या एक्सलला आणि वरचा भाग सीटच्या पाइपापाशी असतो. ते नट महिन्यातून एकदा हाताने हलवून बघा.

आता झाकण. झाकण पेटीच्या आत बसणारं नको, बाहेरून टोपीसारखं किमान दोन सेंटिमीटर खाली येणारं हवं. मग वरून येणारं पाणी कडेवरून खाली गळतं. त्यात दाराच्या रबराची पट्टी लावली तर उत्तम. तुम्ही म्हणाल, सरळ वॉटरप्रूफ पेटी का नको? इलेक्ट्रिकलवाल्यांना आय.पी. रेटिंग माहीत आहे. आय.पी. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत नुकसान होईल इतकं पाणी जायला नको. अशा प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात, छान असतात आणि महाग असतात. पत्र्याच्या पेटीत कितीही केलं तरी थोडी ओल येणारच. म्हणून काकांनी तळाच्या दोन कोपऱ्यांत पाच-पाच मिलिमीटरची भोकं पाडली. मी ओरडलोच, "काका, नव्या पेटीला भोक?" ते म्हणाले, "पाणी आत आलं तर जाणार कुठून?" कागद तळाला टेकू नयेत म्हणून आत एक लाकडी फळी टाकली. कागद तरीही प्लॅस्टिक फोल्डरमध्येच.

बिजागरी बाहेर असेल तर तिची पिन ठोकून काढता येते. लांब पियानो बिजागरी घेऊन पिनची दोन्ही टोकं ठोकून चपटी करा. कोयंडा स्क्रूने नको, रिबेटने. आणि मग कुलूप. साधं, मध्यम, पावसाळ्यात शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. कुलपावर मला एवढंच म्हणायचं आहे.

पत्रा कुठला? इथे आपण इंजिनीअर आहोत, तर हिशेब करू. ४० × ३० × २५ सेंटिमीटरची पेटी, म्हणजे ३० लिटर. लॅपटॉप आडवा मावतो, फाईलही मावते. सहा बाजूंचं क्षेत्रफळ ०.५९ चौरस मीटर. लोखंडी पत्रा २२ गेजचा (०.७१ मि.मी.) घेतला तर नुसता पत्राच सव्वातीन किलोच्या आसपास. २४ गेज (०.५६ मि.मी.) घेतला तर सुमारे २.६ किलो. ॲल्युमिनियम १८ गेज (१.२ मि.मी.) असूनही दोन किलोच्या आत, आणि वाकायला त्या २२ गेज लोखंडाच्या जवळजवळ पावणेदोनपट कडक, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. कागदावर ॲल्युमिनियमच जिंकतं! तरी मी २४ गेजचा जी.आय. पत्रा घेतला. कारण त्याला भोक पडलं तर जव्हारच्या बाजारात डाख लावून मिळतो, ॲल्युमिनियमला तो साधा डाख धरत नाही. पत्रा पातळ आहे म्हणून कडांमध्ये तार भरून वळवून घेतल्या, पेटी ताठ झाली. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यापासूनही पेटी करतात, फुकटात पडते. पण तो पत्रा चाकूने कापला जातो, तेव्हा त्यात फक्त टिफिन ठेवा.

राहिली उंची. आपल्या २८ इंची सायकलचा कॅरिअर जमिनीपासून पाऊण मीटरवर. त्यावर पेटी ठेवली की वजन आणखी वर जातं, आणि घाटात उभं राहून पेडल मारताना सायकल शेपटासारखी हलते. दूधवाल्यांना हे केव्हाच कळलेलं आहे. त्यांचे कॅन दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्यापाशी लटकतात. परदेशात ज्याला पॅनियर म्हणून हजारो रुपये मोजतात, ते आमच्या दूधवाल्याकडे आधीपासून आहे! एकाच बाजूला पेटी लावली तर तोल जाईल ही भीती मात्र फारशी खरी नाही. चार किलो वजन मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर ८० किलोच्या सायकल-स्वाराला जेमतेम अर्धा अंश कलावं लागतं. त्रास होतो तो सायकल स्टँडवर लावताना आणि चढावर हाताने ढकलताना. बाजूच्या पेटीला टाच लागते का, हे बघूनच भोकं पाडा. मी पेटी वरच ठेवली, कारण आमच्या रस्त्यावर समोरून एस.टी. आली की बाजूला सरकायला जागा नसते. पण जड वस्तू तळाला, आणि पेटीसकट दहा किलोच्या वर नाही. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक किती 'लागतो' ते माहीत आहे ना? उतारावर प्रत्येक जादा किलो तुम्हाला पुढे ढकलत असतो.

कडक पेटीचं महत्त्व आमच्या भागात नवीन नाही. लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरांच्या खांद्यावरचा डबा आठवा. चार आइसपॅक, घट्ट झाकण, आत २ ते ८ अंश. डबा नीट तर लस नीट. २०१८ साली पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाली, तेव्हापासून डाकसेवकाकडे टपालाबरोबर मोबाईल आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्रही आलं. तेही भर पावसात न्यायचंच असतं.

माझ्या धाकट्या बहिणीला यंदा बारावीनंतरचे फॉर्म भरायचे होते. जुलैत ती त्याच रस्त्याने, त्याच पेटीतून वडिलांच्या दाखल्याचा नवा उतारा घेऊन मोखाड्याला गेली. फोनवर पहिलं वाक्य: "दादा, तळाच्या भोकातून पाणी येतंय." मी घाबरून विचारलं, "आत येतंय की बाहेर जातंय?" जरा थांबून म्हणाली, "बाहेर. कागद कोरडे आहेत."