शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर

मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरे फाटकाकडे धावतात. फाटकासमोर दुकान असते. दुकानात दोरीला रंगीत पुड्या टांगलेल्या असतात. फ्रीजमध्ये लाल, काळ्या, पिवळ्या पाण्याच्या बाटल्या असतात. पोराच्या मुठीत पाच नाहीतर दहा रुपये असतात. मैंदर्गीत असो, दुधनीत असो की अक्कलकोटात, हे आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे.

याविषयी सरकारने नियम केले आहेत. पुष्कळ आईबापांना ते ठाऊक नाहीत. दुकानदारालाही ठाऊक नसतात. म्हणून ते येथे सांगतो.

महाराष्ट्र सरकारने 2017 सालच्या मे महिन्यात एक आदेश काढला. शाळेच्या उपाहारगृहात काय विकू नये, याची यादीच त्यात दिली. बटाट्याचे वेफर, तळलेले पदार्थ, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, साखर घातलेली शीतपेये, बर्फाचा गोळा, चॉकलेट, केक, बिस्किटे आणि जाम यांची नावे त्यात आहेत. पण नुसते शहरी पदार्थच धरले असे समजू नका. जिलबी, पेढा, गुलाबजाम आणि पाणीपुरीही त्यात आहे. हे आम्हांला बरे वाटले. साखर पेढ्यातली असो की केकमधली, पोटात गेल्यावर ती साखरच.

काय विकावे, हेही आदेशात सांगितले. पोळी-भाजी, भात, डाळ, खिचडी, उपमा, इडली-सांबार, खीर, दूध, दही, शहाळ्याचे पाणी. राजमा-भातसुद्धा आहे! आपल्याकडे राजमा कोण शिजवतो, ते असो. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पोराच्या डब्यात घालायला कोणाचीही हरकत नाही.

दुसरा नियम साऱ्या देशासाठी आहे. त्याची हकिकत अशी. दिल्लीच्या उदय फाउंडेशन या संस्थेने 2010 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात अर्ज केला. शाळेत आणि शाळेच्या आसपास असले खाणे विकू देऊ नका, अशी मागणी होती. खटला पाच वर्षे चालला. 2015 साली न्यायालयाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाला नियम करायला सांगितले. ते नियम सप्टेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे अर्जापासून नियमापर्यंत दहा वर्षे गेली. पहिलीतले पोर तेवढ्या काळात दहावी ओलांडून जाते.

नियम सांगतो की ज्या पदार्थांत चरबी, साखर किंवा मीठ जास्त आहे, ते शाळेच्या आवारात मुलांना विकू नयेत. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंतही विकू नयेत. त्यांची जाहिरातही तेथे लावू नये. म्हणजे शाळेच्या भिंतीवर शीतपेयाची जाहिरात रंगवून घेता येत नाही, मग कंपनीने रंगाचा खर्च दिला तरी.

पन्नास मीटर म्हणजे किती? मोठ्या माणसाची साधारण पासष्ट ते सत्तर पावले. फाटकाशी उभे राहा आणि चालत मोजा. तंबाखूसाठी कायदा वेगळा आहे. 2003 च्या त्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरांच्या आत, बिडी-सिगारेट-तंबाखू विकता येत नाही. आणि गुटखा तर महाराष्ट्रात कोठेच विकायचा नाही.

आता कोणी म्हणेल, "पोराने पाच रुपयांची पुडी खाल्ली तर काय बिघडलं?" एकदा खाल्ली तर काही बिघडत नाही. रोजची झाली की बिघडते. ते कसे, हे घरच्या घरी पाहता येते. एक रिकामा पेला घ्या. चहाच्या चमच्याने त्यात आठ चमचे साखर घाला. पुष्कळ शीतपेयांच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत जवळजवळ एवढी साखर असते. म्हणजे तीसबत्तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसानेही वरची साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. आठ चमचे साखर घातलेला चहा आपण तोंडात धरणार नाही. पण बाटलीतले पाणी गार असते, आंबूस असते, नाकात झिणझिण्या आणते. त्यामुळे गोडी कळत नाही. साधा सोडा वेगळा. त्यात नुसते पाणी आणि वायू असतो, साखर नसते.

या साखरेने पोट भरत नाही, पण भूक मरते. दात किडतात. अंगात चरबी साठते, आणि पुढे मधुमेहाची वाट मोकळी होते. पुडीतल्या मिठाची सवय लागली की घरची आमटी अळणी लागू लागते. पोर म्हणते, "अव्वा, आमटीला चवच नाही." आमटीची चव तीच असते. बदललेली असते पोराची जीभ.

आणखी एक नुकसान आहे, ते आम्हांला सर्वांत मोठे वाटते. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचे शिजवलेले जेवण मिळते. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हिशेब आहे. प्रथिने म्हणजे अंग वाढवणारा भाग, डाळीत असतो तो. पोराने आधीच पुडी संपवली, तर तो खिचडी ताटात टाकून उठतो. फुकटचे चांगले अन्न वाया जाते, आणि विकतचे वाईट पोटात जाते. रोजचे दहा रुपये धरले, तर शाळेच्या 220 दिवसांत 2200 रुपये होतात.

पुडीवर हिरवा ठिपका दिसला की पुष्कळांना वाटते, हे खाणे चांगले. तसे नाही. हिरवा ठिपका एवढेच सांगतो की यात मांस, मासे, अंडे नाही. साखर-मिठाचा त्याच्याशी काही संबंध नाही. साखर किती हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते, बहुधा इंग्रजीत. तुम्ही नुकते वाचायला शिकला असाल, तर इंग्रजी अडेल. मग पाचवी-सहावीतल्या पोरालाच वाचायला लावा. साखरेचा आकडा शंभर ग्रॅमला किंवा शंभर मिलिलिटरला दिलेला असतो. चार ग्रॅम म्हणजे एक चमचा. भागाकार त्यालाच करू द्या. काही शीतपेये तरतरी आणणारी म्हणून विकतात. ती मुलांनी पिऊ नयेत, असे त्यांच्यावरच छापलेले असते.

नियम आहे, मग पुड्या टांगलेल्या कशा? कारण पाहायला कोणी येत नाही. जिल्ह्यात अन्न सुरक्षा अधिकारी असतात; पण गावे शेकड्यांनी आणि दुकाने हजारांनी. शिवाय 'जास्त' कशाला म्हणावे, यावर वाद घालता येतो. आणि दुकान एखाद्या म्हाताऱ्या मावशीचे असते. तिचे घर त्यावर चालते. तिच्याशी भांडून काय मिळणार? नियमाने तिचे दुकान बंद होत नाही. शेंगदाणे, फुटाणे, केळी, पेरू, चिक्की ती विकू शकते. (चिक्कीतही गूळ असतो हे खरे, पण शेंगदाणाही असतो.) आमच्या मते आधी तिच्याशी बोलावे, आणि तिला बदलायला महिना-दोन महिने द्यावे. शाळेच्या आतल्या विक्रीला मात्र एक दिवसही देऊ नये. तेथे जबाबदारी शाळेचीच आहे.

बोलायचे कोठे? शाळा व्यवस्थापन समितीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारांपैकी तीन सभासद पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. तेव्हा "आम्हांला कोण विचारतो?" असे म्हणू नका. अर्ज असा लिहावा:

"मा. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांस. आमची मुले आपल्या शाळेत शिकतात. 2017 चा राज्य सरकारचा आदेश आणि 2020 चे अन्न सुरक्षा नियम यांप्रमाणे शाळेत व फाटकापासून पन्नास मीटरच्या आत शीतपेये, वेफर वगैरे विकू नयेत. याचा विचार पुढील सभेत व्हावा, ही विनंती."

खाली तारीख घाला. पाच-दहा पालकांच्या सह्या घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक शाळेत द्या. दुसरीवर पोच म्हणून शाळेचा शिक्का आणि सही घेऊन ती घरी जपून ठेवा. दोन सभा होऊनही काही झाले नाही, तर त्याच प्रतीची नक्कल सोलापूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे पाठवावी.