चोराची चार मिनिटं आणि आपलं ‘दिवाळीनंतर बघू’

१९ ऑक्टोबर २०२५, रविवार. पॅरिसचं लूव्र संग्रहालय उघडून अर्धा तास झाला होता. सीन नदीच्या बाजूला एक ट्रक येऊन थांबला. वरच्या मजल्यावर कपाटं-सोफे चढवायला शिडीवजा लिफ्ट लावलेले असे ट्रक तिथे नेहमीचेच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. दोघे लिफ्टने सज्जात गेले, ग्राइंडरने खिडकी कापली, काचपेट्या फोडल्या आणि सुमारे ८ कोटी ८० लाख युरो किमतीचे राजघराण्याचे दागिने घेऊन उतरले. दालनात ते चार मिनिटंही नव्हते.

गजर वाजले. पण त्या भिंतीवरच्या एकमेव बाहेरच्या कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडेच होतं, सज्जा त्यात दिसतच नव्हता. संचालिकेनेच हे फ्रेंच सिनेटपुढे सांगितलं. पुढच्याच महिन्यात सरकारी लेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि उरलीसुरली अब्रूही गेली. २०२४ पर्यंत जेमतेम ३९ टक्के दालनांत कॅमेरे बसले होते. सुरक्षेची तपासणी सुरू झाली २०१५ मध्ये, आणि तिच्यातून निघालेली कामं पुरी होणार होती २०३२ मध्ये! नव्या कलावस्तू घ्यायला मात्र पैसे कमी पडले नव्हते.

आपल्याकडे आकडे लहान, सबबी त्याच. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘आपल्या घरात आहेच काय न्यायला’. सोसायटीच्या वार्षिक सभेत कॅमेऱ्यांचा विषय निघतो, तीन कोटेशनं मागवायचं ठरतं, आणि पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा पत्रिकेवर असतो. मग एखादा फ्लॅट फुटतो आणि आठवडाभरात कॅमेरे लागतात. म्हणजे अडचण पैशांची नव्हतीच.

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी…’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला पाठ आहे, पण ते नीट वाचावं. इथे चोरटे कुलूप तोडत नाहीत. कुलूप दणकट असतं, कोयंडा मात्र चौकटीला चार आखूड स्क्रूंनी धरलेला. फटीत कटावणी घालून जोर दिला की कोयंडा स्क्रूंसकट निघतो आणि कुलूप त्याला तसंच लटकत राहतं. शिवाय बाहेरून लावलेलं कुलूप ‘घरी कुणी नाही’ हे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. दाराच्या आत बसणारं कुलूप, लांब स्क्रू आणि बाहेर सेफ्टी डोअर एवढ्यानेही चोराचं गणित बिघडतं, कारण त्याचा सगळा हिशेब मिनिटांचा असतो. दाराला लावायचा चुंबकी सेन्सर तर अगदी साधा. एक तुकडा दारावर, एक चौकटीवर. दोन्ही दूर गेले की आतला स्विच सुटतो आणि सायरन सुरू होतो. आत शिरायच्या आधीच आवाज झाला, तर थांबायचं की पळायचं हे चोराला तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

व्यवसायाच्या जागेत दारापलीकडेही पाहावं लागतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या जुईनगरला एका बँकेच्या लॉकरच्या खोलीत चोर जमिनीखालून शिरले. जवळचं दुकान भाड्याने घेऊन त्यांनी तिथून भुयार खणलं होतं. शनिवार-रविवार गेला, सोमवारी बँक उघडली तेव्हा तीस लॉकर फुटलेले होते. भिंतीतली वा फरशीतली धडधड टिपणारे कंपन-सेन्सर असतात ते अशाच कामासाठी. ‘बँकेत आहे, मग कसली काळजी’ म्हणणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून लागू झालेला नियमही वाचावा. बँकेच्या हलगर्जीमुळे चोरी झाली, तर भरपाईची मर्यादा लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं तीन हजार असेल, तर तीन लाख. सोन्याचा आजचा भाव पाहता यात आजीच्या पाटल्या तरी बसतील का, शंकाच आहे.

अर्धवट बसवलेली यंत्रणा हीसुद्धा दिरंगाईच. रेकॉर्डिंगचा डबा काउंटरखाली ठेवला, तर चोर जाताना तोही नेतो. तो आत, कुलुपात हवा, आणि त्याला वीज गेल्यावर चालणारा बॅकअप हवा. पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदलायला हवा. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात महिलांची तपासणी चालू असतानाची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीत उघड झालं. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन१२३’. रक्षणासाठी लावलेलं यंत्र बिनकुलपाची खिडकी झालं.

आणि गजर वाजल्यावर कोण येणार? लंडनच्या हॅटन गार्डनमधली तिजोरी २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत फुटली, तेव्हाही गजर वाजला होता. पहारेकऱ्याने बाहेरून पाहिलं, काही दिसलं नाही म्हणून तो परतला. गजराचा संदेश पोलिसांनाही गेला होता, पण त्यांनी तो धावून जाण्याजोगा मानलाच नाही. चोरांनी निवांत काम उरकलं. तेव्हा कोटेशन घेतानाच विचारून ठेवावं, की रात्री दोनला संदेश कुणाच्या मोबाइलवर जाणार. मालक गावी असेल तर दुसरा नंबर शेजाऱ्याचा हवा, तोही त्याला विचारून घातलेला.