माळ्यावरच्या टीव्हीत शिसं किती?

मैत्रिणींनो, दिवाळीची झाडलोट काढली की माळ्यावरून काय काय खाली येतं, ते आठवून पाहा बरं. बंद पडलेला मिक्सर, वायर जळालेली इस्त्री, काच तडकलेला इमर्जन्सी दिवा, आणि दोघांनी धरूनच उतरवावा लागणारा, पाठीला पोक असलेला तो जुना रंगीत टीव्ही! पुंडलिकनगरात या टीव्हीबद्दल जरा जास्तच माया. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात असे टीव्ही तयार होत, म्हणजे आपल्या गावचाच माल. मग गल्लीत भंगारवाल्याची आरोळी येते, काटा निघतो, आणि दहा-वीस रुपयांसाठी आपण हुज्जत घालतो.

त्याच्या काट्यावर तांबं आणि लोखंड तोललं जातं. पण या वस्तूंत आणखीही काही असतं. त्याला भाव नाही, म्हणून ते कुणी तोलत नाही. शिसं, पारा, कॅडमियम, एका विशिष्ट रूपातलं क्रोमियम, आणि प्लॅस्टिकने चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमिनची दोन प्रकारची संयुगं. ही सहा नावं कायद्यात आहेत. युरोपात 1 जुलै 2006 पासून नव्या विद्युत वस्तूंत यांच्यावर मर्यादा आली. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम 1 मे 2012 पासून लागू झाले, पण या मर्यादा अमलात आल्या 1 मे 2014 पासून. म्हणजे त्याआधी घेतलेल्या वस्तूंना हे बंधन नव्हतंच. आणि माळ्यावर असतात त्या नेमक्या त्याच!

मर्यादा किती, ते आपल्या मापाने सांगते. हजारात एक भाग, म्हणजे किलोभर पिठात एक ग्रॅम, चिमूटभर मिठाएवढं. कॅडमियमला आणखी कडक माप: दहा किलोच्या दळणाच्या डब्यात तेवढीच चिमूट.

परंतु ही चिमूट कशात मोजायची, यातच सगळी मेख आहे. सर्किटवर दुरुस्तीवाला गरम सळईने जो चकाकता थेंब सोडतो, ते सोल्डर. जुन्या सोल्डरमध्ये नेहमीचं प्रमाण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं. किलोत 370 ग्रॅम, मर्यादेच्या 370 पट! पण तेच शिसं सबंध टीव्हीच्या वजनात भागलं तर दिसेनासं होईल. म्हणून नियम असा की प्रत्येक जिन्नस सुटा मोजायचा. वायरीचं तांबं निराळं, वरचं प्लॅस्टिकचं आवरण निराळं, स्क्रू निराळा आणि स्क्रूवरचा मुलामाही निराळा. लोणचं किती तिखट, हे बरणीच्या वजनासकट ठरवत नाहीत ना, तसंच.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी हेअर ड्रायरसारखं दिसणारं एक यंत्र तुकड्यावर रोखतात. त्यातून क्ष-किरण पडतात आणि आत कोणती मूलद्रव्यं आहेत, ते काही क्षणांत पडद्यावर उमटतं. झटपट काम, पण यंत्राला एक मर्यादा आहे. त्याला क्रोमियम दिसतं, ते कोणत्या रूपातलं हे मात्र कळत नाही. आपल्या स्टीलच्या डब्यांतही क्रोमियम असतंच की, दहा टक्क्यांहून जास्त. ते धातूच्या रूपातलं, निरुपद्रवी. (तेव्हा डबे फेकू नका!) जुना मिक्सर उघडला तर पिवळसर, इंद्रधनुषी झाक असलेले स्क्रू दिसतात. त्यांच्या मुलाम्यात घातक रूपातलं क्रोमियम असण्याचा संभव असतो. त्याचा अर्क काढून त्यात एक रसायन घालतात; जांभळट गुलाबी रंग आला की ओळख पटली. रंग जितका गडद, तितकं प्रमाण जास्त.

संशयास्पद तुकडे मग दळून, आम्लात विरघळवून, अतिशय तप्त ज्योतीसारख्या झोतात फवारतात. वरणाचं खारट पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की निळी ज्योत पिवळी होते, हे रोज पाहता ना? ती मिठातल्या सोडियमची खूण. शिसं, कॅडमियम यांचाही आपापला प्रकाश असतो. तो किती प्रखर आहे यावरून वजन काढतात. केंद्र सरकारच्या सी-मेट या संस्थेच्या हैदराबाद केंद्रात अशी प्रयोगशाळा आहे; याच संस्थेचं एक केंद्र पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे.

मोजमाप चोख झालं तरी गणित चुकू शकतं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने सांगितलं की जुन्या विद्युत वस्तूंचं काळं प्लॅस्टिक स्वयंपाकघरातल्या काळ्या उलथन्यांत उतरलं आहे, आणि त्यातलं ब्रोमिनचं रसायन सुरक्षित मर्यादेजवळ पोचतं. मग लक्षात आलं, 7000 ला 60 ने गुणताना 4,20,000 ऐवजी 42,000 धरले होते! त्याच वर्षी दुरुस्ती छापली गेली. धोका दहापट कमी निघाला, तरी ते प्लॅस्टिक उलथन्यात नकोच होतं. माझं मत विचाराल तर उलथनं लाकडाचं किंवा स्टीलचंच बरं.

आता टीव्हीकडे येऊ. पोकवाल्या टीव्हीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं मुद्दाम घातलेलं असे. आतले क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. मध्यम आकाराच्या टीव्हीत ते एक-दोन किलोच्या आसपास भरतं. घाबरू नका, काच अखंड आहे तोवर शिसं तिच्यात पक्कं बसलेलं असतं. ते मोकळं होतं काच फोडली, सर्किट भाजलं, वायरी जाळल्या की. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्याच्या अंगावर तो धूर जातो, आणि शेजारी खेळणाऱ्या त्याच्या पोरांच्याही. लहान मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा म्हणत नाही. मेंदूची वाढ खुंटते, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

तेव्हा दहा रुपये जास्त मिळतात म्हणून घरीच मोडतोड करून तांबं वेगळं काढू नका. वस्तू अख्खी द्या. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत 106 प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी वस्तू घेताना दुकानदाराला, कंपनीला स्पष्ट विचारा, जुनी कुठे जाणार? कंपनीचा पत्ताच उरला नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आपल्या शहरात आहे. नोंदणीकृत केंद्रांची चौकशी तिथे करता येते. सगळंच घंटागाडीत टाकून मोकळं होता येत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आपला कचरा कुणाच्या दारात जातो ते साऱ्या शहराला कळलं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं निम्म्याहून अधिक वजन शिशाचंच असतं. ती विक्रेत्यालाच परत करा. बदल्यात पैसेही वळते होतात.

आणि सीएफएल दिवा फुटला तर? त्यात पारा काही मिलिग्रॅमच. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीत त्याच्या शंभरपट तरी असे. तरीही पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. केरसुणी अजिबात फिरवू नका, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, फरशी ओल्या कागदाने पुसा, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. ती बरणी पुन्हा लोणच्याला वापरू नका.