ठोकलेल्या धातूचे बळ

धातू तापविल्यावाचून ठोकला, ओढला किंवा पिळला म्हणजे तो अधिक बळकट होतो, ही गोष्ट आपल्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुर्री हे गाव १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात होते, आणि भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध! तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. तथापि ठोकण्याने मिळणाऱ्या बळाची किंमत काय, हे आपण सहसा विचारीत नाही. तोच विचार येथे करावयाचा आहे.

मऊ तांब्याची तार दर चौरस मिलिमीटरला सुमारे २२ किलो भार सोसते, आणि तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक ताणली जाते. तीच तार थंडपणी ओढून कडक केली तर ३५ किलोंहून अधिक भार सोसते; पण ताणली जाते ती शेकड्यास जेमतेम काही टक्केच. म्हणजे बळ वाढले आणि तन्यता गेली. असे का व्हावे?

धातूच्या कणांत अणू ओळीने रचलेले असतात. मात्र ही रचना निर्दोष नसते. तीत जागोजाग विस्थापने, म्हणजे अर्धवट तुटलेल्या ओळी असतात. या कल्पनेने धातूचे वाकणे कसे समजते, हे १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे दाखविले. भली मोठी सतरंजी एकदम ओढणे जड जाते. पण तिला एका टोकाशी वळी पाडून ती वळी पुढे ढकलीत नेली की सतरंजी सहज सरकते. विस्थापन ही धातूतील अशीच वळी होय. धातू ठोकला की या वळ्या असंख्य होतात, एकमेकींत अडकतात, आणि कोणालाच पुढे सरकता येत नाही. म्हणून धातू कठीण होतो. आणि सरकणे थांबले म्हणूनच तो पुढे वाकण्याऐवजी तडकतो.

यावर तांबटाचा उपाय साधा आहे. काही वेळ ठोकायचे, भांडे कडक झाले की भट्टीत तापवून मऊ करायचे, आणि पुन्हा ठोकायचे. तापविल्याने जुन्या गुंतागुंतीच्या जागी नवे, स्वच्छ कण जन्म घेतात. येथेच एक महत्त्वाची गोष्ट आहे. आधी भरपूर ठोकून मग बेताचेच तापविले तर हे नवे कण बारीक राहतात. कण जितके बारीक तितका धातू बळकट, हा नियम हॉल यांनी १९५१ मध्ये व पेच यांनी १९५३ मध्ये मांडला. म्हणजे ठोकणे व तापविणे यांचा मेळ नीट बसला तर बळ मिळते आणि तन्यताही बरीचशी राखता येते.

हा मेळ चुकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ब्रिटिश अमदानीत लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. थंडपणी ओढताना काडतुसात ताण कोंडलेला राही, आणि तबेल्यांतील अमोनियाची वाफ त्याला निमित्त होई. हे कारण १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापविले की कोंडलेला ताण जातो आणि बळ मात्र राहते, हाच त्यावर उपाय ठरला.

आता घराकडे वळू. साध्या सळईचे बळ दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडपणी पिळलेल्या सळया आल्या; त्यांचे बळ ४१५ न्यूटन. लोखंड कमी लागू लागले. पण सळईचे ताणले जाणे घटले. भूकंपात तर हे ताणले जाणेच इमारतीला सावरून धरते. आज पिळलेल्या सळईची जागा टीएमटी सळईने घेतली आहे. ती पिळीत नाहीत. तापलेली सळई पाण्याच्या फवाऱ्याने झटकन निववितात, त्यामुळे कवच कठीण आणि गाभा मऊ राहतो. भारतीय मानकाप्रमाणे ‘५००’ प्रतीची सळई तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, तर ‘५०० डी’ प्रतीची १६ टक्के.

म्हणून घर बांधणाऱ्याने नुसता बळाचा आकडा न पाहता त्यापुढचे ‘डी’ हे अक्षरही पाहावे. सळई एकदा वाकविली की पुन्हा सरळ करून वापरू नये, कारण त्या जागी तिची तन्यता आधीच खर्च झालेली असते. जुन्या घराच्या दुरुस्तीत पिळाची सळई निघाली तर ती गॅसने लाल करून वाकवू देऊ नये. पिळून मिळविलेले बळ त्या आगीत निघून जाते. गवंड्याला हे सांगायला आपण संकोच करू नये, कारण त्या छपराखाली राहावयाचे आहे ते आपल्याला.