सायकलस्वाराची कैफियत

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींनी रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून जाई, महाविद्यालयांच्या आवारांत प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सायकली एकाच कठड्याला टेकून उभ्या असत, आणि कचेरीतील कारकुनापासून पेठेतील वैद्यापर्यंत कोणालाही सायकलवर बसण्याने आपल्या प्रतिष्ठेला उणेपणा येतो असे वाटत नसे. त्याच शहरात आज सायकलवरून कामाला जाणाऱ्या मनुष्याकडे एक तर परिस्थितीने गांजलेला म्हणून कणवेने पाहिले जाते, किंवा व्यायामाचा हौशी म्हणून कौतुकाने पाहिले जाते. ज्याला वेळेवर कचेरीत पोहोचायचे आहे, वाटेत भाजी घ्यायची आहे आणि दिवेलागणीला सुखरूप घरी परतायचे आहे, असा एक वाहनचालक म्हणून त्याचा विचार रस्ता आखणारा अभियंता करीत नाही, वाहनतळ बांधणारा विकासक करीत नाही, आणि सायकल विकणारा दुकानदारही क्वचितच करतो.

मी या शहरात रोजच्या कामांसाठी सायकल वापरतो, आणि ज्या गोष्टींनी माझा जीव मेटाकुटीला येतो त्या एकेकट्या घेतल्या तर क्षुल्लक वाटतील: सायकलमार्गात उभी केलेली मोटार, रस्त्याच्या पातळीहून खोल गेलेले ड्रेनेजचे झाकण, सायकल लावण्यास जागा नाकारणारा रखवालदार, मापात न बसणारा नवा टायर. परंतु या किरकोळ बाबी शेजारी शेजारी मांडल्या की त्यांचे मूळ एकच असल्याचे ध्यानात येते. सायकलस्वारासाठी नियम आहेत, मानके आहेत, ग्राहक म्हणून कायद्याचे संरक्षणही आहे. मात्र ज्या दप्तरात शहराच्या रहदारीची मोजदाद होते त्यात त्याची नोंद नीट होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी नियमाची अंमलबजावणी करण्याची निकड कोणत्याही खात्याला भासत नाही.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर बसवीत आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत. रात्री दिव्यावाचून सायकल चालविणे आणि डबलसीट बसणे हे दंडास पात्र अपराध होते, आणि चौकात पोलीस दिसताच मागे बसलेल्या मित्राने झटकन खाली उतरून चालू लागणे हा त्या पिढीतील असंख्यांचा अनुभव होता. तो कर आणि तो धाक लोकांना जाचक वाटत असला तरी त्यांच्यामागे एक मान्यता होती: सायकल हे वाहन आहे, तिचा स्वार रहदारीचा घटक आहे, आणि म्हणून त्याला कर्तव्ये आहेत तसे हक्कही आहेत. पुढे कर गेला, बिल्ला गेला, आणि त्यांच्याबरोबर दप्तरातील ती मान्यताही गेली. १९७२ साली लुना बाजारात आली, कालांतराने स्कूटरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवसही संपले, आणि ज्याला शक्य झाले तो पेट्रोलच्या वाहनाकडे वळला. तरीही २००१ आणि २०११ या दोन जनगणनांची तुलना केली असता दिसते ते असे, की भारताच्या नागरी भागांत सायकल बाळगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवरून सुमारे ४२ टक्क्यांवर आले, आणि स्कूटर-मोटारसायकल बाळगणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते ते ३५ टक्क्यांवर गेले. म्हणजे या घसरणीनंतरही शहरी घरांत पेट्रोलवरील दुचाकीपेक्षा सायकल अधिक आढळत होती. ती रस्त्यावर दिसेनाशी झाली असेल, तर ती घराबाहेर का पडत नाही याचा शोध रस्त्यावरच घेतला पाहिजे.

रस्ते कसे असावेत याचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. १९२७ साली सरकारने नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीने घालून दिलेल्या दिशेने १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, आणि आजही देशातील रस्त्यांची मानके तीच ठरविते. या संस्थेने १९६२ साली सायकलमार्गांविषयी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्यात म्हटले होते की, गर्दीच्या तासात ४०० किंवा अधिक सायकली जात असून मोटारवाहने १०० ते २०० असतील तर वेगळा सायकलमार्ग करावा. आणि मोटारवाहनांची संख्या तासाला २०० च्या पुढे गेली तर केवळ १०० सायकलींसाठीही तो समर्थनीय ठरावा. या नियमातील विवेक लक्षात घेण्याजोगा आहे: मोटारींची दाटी जितकी अधिक, तितके सायकलस्वाराचे संरक्षण अधिक निकडीचे, मग त्याची संख्या थोडी का असेना. मोटारवाहनांची ती दोनशेची मर्यादा आज पुण्याच्या कोणत्याही मुख्य रस्त्यावर तासाच्या आरंभीच ओलांडली जाते, आणि तरी ‘सायकली आहेतच कोठे?’ असा प्रश्न विचारून सायकलमार्गाची तजवीज पुढे ढकलली जाते.

जे मार्ग झाले त्यांची कथाही उद्बोधक आहे. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर जलद बससेवा सुरू झाली, आणि केंद्र सरकारच्या नागरी पुनर्निर्माण योजनेच्या साहाय्याने झालेल्या अशा रस्त्यांच्या कडेने सायकलमार्गही बांधण्यात आले. नकाशात ते अखंड होते; प्रत्यक्षात मार्ग कोठे विजेच्या पेटीपाशी संपतो, कोठे झाडाच्या पाराला वळसा घालतो, कोठे पेव्हर ब्लॉक उखडल्याने खडखडाट करतो, आणि जिथे त्याची गरज सर्वांत अधिक, त्या चौकाच्या अलीकडेच नाहीसा होतो. सायकलस्वाराला खरा धोका चौकातच असतो, कारण डावीकडे वळणारी मोटार सरळ जाणाऱ्या सायकलीच्या वाटेत तिथेच आडवी येते; म्हणून चौकातून पार न जाणारा सायकलमार्ग हा काठापर्यंतच बांधलेल्या पुलासारखा आहे.

शिवाय सायकल हे अंगबळावर चालणारे वाहन आहे, याचा अर्थ पुरतेपणी समजून घेतला पाहिजे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला पूर्ण थांबून पुन्हा तोच वेग घ्यावा लागला, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्याला सुमारे सव्वा मीटर उंच चढ चढण्याइतके श्रम पडतात. मोटारचालकाला पायाखालची कळ किंचित दाबून जे साधते, त्यासाठी सायकलस्वाराच्या मांड्यांना प्रत्येक वेळी हा चढ चढावा लागतो. आणि म्हणून मार्गात उभी केलेली एक रिक्षा, एक हातगाडी, एक उघडलेले मोटारीचे दार ही त्याच्या दृष्टीने किरकोळ अडचण राहत नाही. गतिरोधकांचेही तेच. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी मानकाने सुचविलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्यावरून चाक सावकाश चढते आणि सावकाश उतरते. आपल्या गल्ल्यांतील हातभर रुंदीचे डांबरी उंचवटे आणि ओळीने ठोकलेल्या रबरी पट्ट्या या मापाशी कोणताही संबंध राखीत नाहीत. स्प्रिंगांवर बसलेल्या मोटारचालकाला त्यांचा हादरा अर्धामुर्धा जाणवतो, सायकलस्वाराच्या मनगटांना आणि कण्याला तो पुरता बसतो. पावसाळी गटारांच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने उभे बसविले तर अरुंद चाक त्या फटीत अडकते आणि स्वार पुढे फेकला जातो. तीच जाळी आडवी बसविण्यास काहीही जास्त खर्च येत नाही, आणि तरी पाणी साचले की कोणत्या जाळीवर विश्वास ठेवावा हे सायकलस्वाराने स्मरणशक्तीवरच ठरवायचे असते.

सायकलमार्गावर मोटारवाहन चालविण्यास कायद्याने मनाई आहे. रस्त्यावरील वर्तनाच्या १९८९ च्या विनियमांत ही तरतूद होती आणि २०१७ च्या विनियमांतही ती कायम आहे. परंतु सिग्नल लागला की सायकलमार्गात शिरणाऱ्या दुचाक्यांना कोणी जाब विचारल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

मुक्कामी पोहोचल्यावर दुसरी अडचण उभी राहते. एका मोठ्या दुकानसंकुलात मी सायकल लावावयास गेलो तेव्हा, येथील यंत्र नंबरपाटी वाचून पावती देते आणि सायकलीला नंबर नाही, असे सांगून रखवालदाराने मला परत पाठविले. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. दोष त्या व्यवस्थेचा, जिने ग्राहक कोणत्या वाहनाने येईल याचा विचार करताना सायकलीचे नावच घेतले नाही. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज राहतात, ज्यांना कडी घालून बांधता येईल असे चार लोखंडी कठडे पुरेसे होतात, आणि त्या कठड्यांपाशी येणारा मनुष्यही आत जाऊन खरेदीच करणार असतो.

आता दुकानाकडे वळू. एके काळी हर्क्युलिस, रॅले, हिंद, ॲटलस यांपैकी कोणतीही सायकल घेतली तरी तिचे चाक, साखळी, पेडल आणि घंटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे मिळे. ओव्हरहॉलिंग करणे, कोन-छर्रे बदलणे, चाकाचा आउट काढणे ही कामे तो डोळ्यांच्या अंदाजाने आणि बोटांच्या संवेदनेने करी. आज दुकानांत रंगांची, गिअरांची आणि नावांची रेलचेल आहे, पण सामान्य ग्राहकाला लागणारी माहिती मिळत नाही. टायरचेच पाहा. ‘२६ चा टायर’ मागितला तर दुकानदार जो देईल तो बसेलच असे नाही, कारण रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास एका २६ मध्ये ५५९ मिलिमीटर असतो आणि दुसऱ्या २६ मध्ये ५९० मिलिमीटर. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ चा व्यास ६३५, तर हल्लीच्या ७०० मापाच्या चाकाचा ६२२. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा व्यास टायरच्या कडेवर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो, आणि टायर घेताना ग्राहकाने तोच आकडा जुन्या टायरवरून टिपून न्यावा, हा माझा प्रत्येक वाचकाला आग्रहाचा सल्ला आहे.

सायकल निवडतानाही उपयोगाचा विचार मागे पडतो. स्वस्त सायकलीला पुढे-मागे स्प्रिंगा बसविल्या म्हणजे ती मजबूत वाटते. वस्तुतः त्या वजन वाढवितात, पेडलवर दिलेल्या जोराचा काही अंश स्वतःच गिळतात आणि काही महिन्यांत ढिल्या पडतात. उलट, पावसाळ्यात कपडे वाचविणारे मडगार्ड, भाजीची पिशवी बांधण्यास कॅरिअर, साखळीवरील झाकण, स्टँड आणि दिवा या रोजच्या गरजेच्या वस्तूंना जादा सामान समजून त्यांचे वेगळे पैसे घेतले जातात. खोक्यातून अर्धवट जोडलेली सायकल घरी येते, ब्रेक आणि हँडल कसण्याचे काम ग्राहकावर सोडले जाते, आणि ज्या जोडणीवर जीव अवलंबून आहे ती जाणत्या हाताने तपासलीच जात नाही.

करांच्या बाबतीतही सायकलची उपेक्षा दीर्घकाळ झाली. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा सायकलवर १२ टक्के आकारणी होती. २०१९ च्या ऑगस्टपासून विजेवर चालणाऱ्या मोटारींचा दर ५ टक्क्यांवर आणला गेला, पण जिला इंधनही लागत नाही आणि वीजही लागत नाही त्या सायकलचा दर २०२५ च्या सप्टेंबरापर्यंत १२ टक्केच राहिला, आणि तेव्हा कुठे तो ५ टक्क्यांवर आला. हा निर्णय मी मनापासून स्वागतार्ह मानतो. त्याचा लाभ किमतीत उतरला की नाही, हे पाहणे मात्र ग्राहकाचे काम आहे.

आणि ग्राहकाजवळ साधने आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. आज लागू असलेल्या २०१९ च्या कायद्यानुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, ग्राहक स्वतः जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क द्यावे लागत नाही. म्हणून सायकल घेताना पक्की पावती मागावी, फ्रेमवरील क्रमांक तिच्यावर लिहून घ्यावा, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का घ्यावा, आणि दोष आढळल्यास तोंडी हुज्जत न घालता लेखी तक्रार द्यावी.

रस्त्याच्या बाबतीतही हाच मार्ग पत्करला पाहिजे. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१७ च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तो कागद आपल्या बाजूने आहे. आता प्रत्येक मोठ्या चौकात मोटारवाहनांबरोबर सायकलींचीही सकाळ-संध्याकाळ मोजणी व्हावी, रस्ता पुन्हा डांबरी करताना जाळ्या आणि झाकणे पातळीवर आणल्याशिवाय ठेकेदाराचे देयक मंजूर होऊ नये, आणि शाळा, मंडया व बसस्थानके यांच्यापाशी सायकलींसाठी कठडे बसवावेत. सायकलस्वारांनीही प्रत्येक धोकादायक जाळीची, प्रत्येक तुटलेल्या मार्गाची लेखी तक्रार क्षेत्रीय कार्यालयात नोंदवून तिचा आवक क्रमांक घ्यावा. पुढील अंदाजपत्रकापूर्वी महापालिकेने सायकलींची ही मोजणी करून तिचे आकडे प्रभागवार प्रसिद्ध करावेत, म्हणजे १९६२ च्या मानकावर बोट ठेवून आपला रस्ता मागण्याचा आधार प्रत्येक सायकलस्वाराच्या हाती येईल.